अख्खा लवराकी, त्सिपूरा भाजताय? या चुका टाळा

अथेन्सला नवीन आलेल्या आपल्या मंडळींकडे जेवायला गेलं की दर वेळी तेच बघते. बाजारातून मस्त ताजा मासा आणलेला असतो, पैसेही चांगले मोजलेले असतात, आणि ताटात येतो तो एकतर चिंध्या होऊन नाहीतर कोरडा भुसा होऊन. जीव तुटतो अगदी. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतेय.

लवराकी म्हणजे इटलीतला ब्रान्झिनो, तुर्कीतला लेव्रेक, इंग्लिशमध्ये सी बास. त्सिपूरा म्हणजे ओराता, स्पेनमध्ये दोरादा, दोन डोळ्यांच्या मधे सोनेरी पट्टा असतो तोच. बाजारात मिळणारे बहुतेक पिंजऱ्यात पाळलेले असतात, साधारण ४०० ते ६०० ग्रॅमचे, म्हणजे एका माणसाला एक मासा. पाळलेला की समुद्रातला हे पाटीवर लिहिणं इथे नियमाने बंधनकारक आहे, सोबत पकडल्याचा भागही असतो, भूमध्य समुद्राचा नंबर ३७. पाटी वाचा, कारण समुद्रातल्या माशाला चरबी कमी असते, तो लवकर कोरडा पडतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, ओला मासा जाळीवर टाकणं आणि मग उलटायची घाई करणं. ही मी स्वतः केलीय म्हणून जास्त पोटतिडकीने सांगतेय. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सहा जणांना जेवायला बोलावलं होतं, गच्चीवर कोळसा पेटवला, सहा त्सिपूरा नळाखाली धुतले आणि तसेच ठिबकत जाळीवर ठेवले. माझं माहेर मालवणचं, मासे हाताळायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे यात काय शिकायचंय असंच वाटत होतं. तीन-चार मिनिटांत हात शिवशिवायला लागले, उलथनं घातलं तर कातडं सगळं जाळीला आणि मासा मधूनच मोडला. घाबरून दुसरा उलटवला, तोही तसाच, तिसराही. चौथ्याला हात लावणार तेवढ्यात शेजारच्या आजींनी कठड्यापलीकडून हाक मारली आणि त्या सरळ आमच्या गच्चीवरच आल्या. उरलेले तीन मासे उचलून घेतले, स्वच्छ फडक्याने दाबून दाबून पुसले, पोटाच्या आतून सुद्धा, मग तळहातावर ऑलिव्ह ऑइल घेऊन माशाला चोळलं, जाळी कांद्याच्या अर्ध्या फोडीने घासली आणि निखाऱ्यावर राख धरेपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. मासे ठेवल्यावर मी पुन्हा उलथनं उचललं तर माझं मनगट धरून म्हणाल्या, "सिगा सिगा". म्हणजे हळूहळू. सात मिनिटांनी त्यांनी शेपटीकडून जरासं उचललं आणि अख्खा मासा आपणहून सुटून वर आला, कातडं सोनेरी, एक चरा नाही.

यात जादू काही नाही. कातड्यावर पाणी असेल तर आधी ते उकळून जाणार, तोवर कातडं भाजलं जात नाही, नुसतं शिजून धातूला घट्ट धरून बसतं. नीट भाजलं गेलं की ते जाळी आपोआप सोडतं. म्हणून मी आता मासा पुसून तासभर फ्रीजमध्ये उघडाच ठेवते, भाजायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढते, आणि ५०० ग्रॅमच्या माशाला एका बाजूला सहा ते आठ मिनिटं देते. कड उचलून बघायची, ओढावं लागतंय असं वाटलं तर परत ठेवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. एकदाच उलटायचा. हात फारच अस्थिर असेल तर माशाची बिजागरीवाली दुहेरी जाळी घ्या, सरळ अख्खी जाळीच उलटता येते. जाळीवर फॉइल घालायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, मासा वाफवला जातो, मग कोळसा पेटवलाच कशाला.

हळद-मीठ-आगळ लावून दोन तास मुरवत ठेवू नका. सुरमईच्या तुकडीला रवा लावून तव्यावर तळायची असेल तर ते बरोबरच आहे, पण इथे आंबटाने वरचं मांस आधीच पांढरं पडतं आणि भाजल्यावर खडूसारखं लागतं. लिंबू नेहमी शेवटी. भाजायच्या आधी फक्त मीठ, तेही जाळीवर ठेवताना, कारण आधीपासून लावून ठेवलं तर पाणी सुटतं आणि पुसायची मेहनत फुकट जाते.

साफ करून दिलाय म्हणून तसाच वापरू नका. कल्ले राहिले असतील तर ते काढा, कडवट लागतात. पोट उघडून काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची पट्टी अंगठ्याच्या नखाने खरवडा. मासा वाईट लागला म्हणणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या पट्टीच्या असतात असं माझं ठाम मत आहे.

मिठात भाजायचा असेल तर उलटं, खवले काढूच नका! माझ्या एका मैत्रिणीने किलोचा सुंदर लवराकी आणला, नेहमीसारखे खवले काढले, वर सुरीने चिरा दिल्या, पोट पूर्ण उघडं ठेवलं आणि दोन किलो जाडं मीठ त्यावर थापलं. फोडल्यावर मीठ आत इतकं मुरलेलं की पहिल्या घासाला सगळे पाणी मागायला लागले. खवले म्हणजे त्या माशाचं चिलखत, मीठ तिथेच अडतं आणि नंतर कातड्यासकट सगळं निघून जातं. मासेवाल्याला सांगून पोट कमीत कमी चिरून घ्या, मीठ पाणी शिंपडून ओल्या वाळूसारखं करा, किलोच्या माशाला २०० डिग्रीवर अर्धा तास, मग बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवा.

आता कच्चा राहील ही भीती. मी समजू शकते, पण म्हणून ५०० ग्रॅमचा मासा चाळीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचा नसतो, २०० डिग्रीवर वीस-पंचवीस मिनिटांत होतो. पाठीवरचा पर चिमटीत धरून ओढा, अलगद हातात आला तर झाला, आतून खेच लागली तर नाही. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, काट्याजवळ, पण काट्याला न लावता. अमेरिकेतला सरकारी आकडा ६३ डिग्री आहे, मी ६० ला काढते आणि पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात आणखी थोडा चढतो.

ताटात घेतल्यावर चाकूने आडवे तुकडे पाडू नका, काटे सगळीकडे होतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एक रेघ ओढा, वरचं मांस दोन्ही बाजूंना सरकवा, मग शेपटीकडून काटा उचला, अख्खा निघतो. डोकं फेकणाऱ्यांना तर मी हातच जोडते, गालातला तो रुपयाएवढा तुकडा सगळ्यात गोड असतो.

वरून लादोलेमोनो, म्हणजे तीन चमचे ऑलिव्ह ऑइल, एक चमचा लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर वाळवलेला ओरेगानो, झाकणाच्या बाटलीत घालून दाट होईपर्यंत हलवायचं. कातड्यावर नाही, उघडलेल्या मांसावर ओता, मासा गरम असतानाच.