वाहतूक नियमनातील अर्थतज्ज्ञ व्हायचे असेल तर

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातून या, म्हणजे वाहतुकीचे दर आणि भाडी ठरवण्याच्या, क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्याने बारावीनंतर अर्थशास्त्राची पदवी घ्यावी आणि तिच्या जोडीला संख्याशास्त्र मनापासून शिकावे. गणिताची धास्ती घेऊन ते टाळणारे पुढे अडतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबई विद्यापीठ जवळचे. त्यानंतर संघ लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते, किंवा विमानतळांचे दर ठरवणाऱ्या, 2009 मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणासारख्या नियामक संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

सराव मात्र घराजवळच करावा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचे उदाहरण घ्या: डिझेल, खलाशांचे पगार, बोटीचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) आणि पावसाळ्यात रोडावणारी प्रवासीसंख्या मांडून दुचाकीचे भाडे किती असावे याचे टिपण लिहावे. मधल्या वासिष्ठीच्या खाडीला वळसा घालून रस्त्याने जाण्याचा खर्च हीच त्या भाड्याची खरी मर्यादा असते, हे आकडे मांडताना आपोआप उमगते. असे नेटके टिपण मुलाखतीत, माझ्या मते, प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा अधिक उपयोगी पडते. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 67 मुळातून वाचावे, कारण एसटी-रिक्षांच्या भाड्याबाबत राज्य शासनाला मिळणारे अधिकार तेथेच आहेत.