मजला उचलता आला पाहिजे: लेगोच्या इमारतीत दिवे आणि ध्वनी बसवताना

लेगोच्या मॉड्युलर इमारती २००७ पासून निघत आहेत. त्यांचा प्रत्येक मजला अलगद उचलून आतली मांडणी पाहता येते, हेच त्यांचे खरे सुख आहे. बाहेरच्या उत्पादकांचे दिव्यांचे संच बसवताना नेमकी हीच सोय आधी हातची जाते, कारण मजल्यामजल्यांतून ओढलेल्या तारा सगळे मजले एकमेकांना शिवून टाकतात. म्हणून पुढील सर्व कृती एकाच अटीवर बेतलेली आहे: काम संपल्यावरही प्रत्येक मजला वेगळा निघाला पाहिजे. उदाहरणासाठी २०२३ सालचा जॅझ क्लब, म्हणजे संच क्रमांक १०३१२, घेतला आहे. त्याच्या २,८९९ तुकड्यांतून क्लबचे व्यासपीठ, शेजारचे पिझ्झाचे दुकान, शिंप्याचे दालन आणि गच्चीवरचे हरितगृह अशा अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या जागा उभ्या राहतात.

एकही वीट काढण्यापूर्वी संचातील सर्व दिवे टेबलावरच जोडून पेटवून पाहावेत आणि तासभर तसेच चालू ठेवावेत. माझ्या पहिल्या इमारतीत हा तास मी वाचवला होता; तळमजल्यावरचा एक दिवा बंद निघाला आणि त्यासाठी वरचे दोन्ही मजले पुन्हा सोडवावे लागले. जोडणीची टोके अतिशय नाजूक असतात. ती तारेला धरून कधीही ओढू नयेत. प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा वापरून टोकालाच धरावे. टोक सॉकेटमध्ये सहज जात नसेल तर ते उलटे धरले आहे असे समजून माहितीपत्रक पाहावे, जोर लावू नये.

सर्वांत अधिक काळजी तारेच्या वाटेची घ्यावी लागते. लेगोच्या दोन स्टडच्या, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्यांच्या, केंद्रांत ८ मिमी अंतर असते आणि स्टडचा व्यास ४.८ मिमी असतो, त्यामुळे दोन स्टडच्या मध्ये ३.२ मिमी रुंदीची गल्ली मोकळी राहते. या संचांच्या केसासारख्या बारीक तारा त्या गल्लीतून सहज जातात. मात्र विटेच्या कडेखालून जाताना तार विटेची भिंत आणि खालची प्लेट यांच्यामध्ये दबते. म्हणून ती कडेला काटकोनात, सरळ आणि एका ठिकाणी एकच अशी न्यावी. एकमेकींवरून गेलेल्या दोन तारांवर वीट बसवली तर ती तिरकी बसते. तार स्टडच्या माथ्यावर किंवा स्टड आणि विटेची भिंत यांच्या पकडीत सापडली तर तिचे वेष्टण सोलले जाते, किंवा ती तुटते. वीट दाबण्यापूर्वी तार बोटाने हलवून पाहावी. ती गल्लीत सैल सरकत असेल तरच वीट दाबावी. भिंतीतून आडवे जायचे असल्यास भोक असलेली टेक्निक वीट कामी येते.

सर्व दिव्यांना वीज वाटणारी मुख्य पट्टी तळमजल्याच्या मागच्या भिंतीशी ठेवावी. तिथून प्रत्येक मजल्याला एकच जोडतार जावी आणि ती मागच्या कडेला सोडवता येईल अशा जागी जोडावी. मजला उचलून बाजूला ठेवता यावा म्हणून प्रत्येक जोडतारेला वीतभर ढील ठेवावी आणि तिची गुंडाळी जिन्याच्या मागे लपवावी.

दिवे कुठे लावायचे यापेक्षा कुठे लावायचे नाहीत हे ठरवणे अधिक मोलाचे आहे. सगळ्या खोल्या सारख्याच उजळल्या तर इमारत दुकानातल्या शोकेससारखी दिसते. क्लबमध्ये पिवळसर पांढरा दिवा व्यासपीठाच्या वरच्या तुळईमागे असा लपवावा, की प्रकाश वादकांवर पडेल पण दिवा डोळ्यांना दिसणार नाही. प्रेक्षकांच्या बाजूला जवळपास अंधारच राहू द्यावा. पिझ्झाच्या दुकानाला खिडकीतून बाहेर सांडणारा एक दिवा पुरतो. हरितगृहात पारदर्शक तुकड्यांमुळे तार उघडी पडते, म्हणून ती कोपऱ्यातल्या खांबाला बिलगून वर न्यावी.

बहुतेक संच ५ व्होल्टच्या यूएसबीवर किंवा तीन एए सेलच्या डबीवर, म्हणजे ४.५ व्होल्टवर चालतात. त्यांतील विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारे रोधक तेवढ्याच दाबासाठी निवडलेले असतात, त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी कधीही लावू नये. पॉवर बँक वापरल्यास ती काही वेळाने आपोआप बंद होण्याची शक्यता असते, कारण थोडेसेच दिवे असले की विजेची ओढ इतकी कमी असते की काहीही जोडलेले नाही असा तिचा समज होतो. अशा वेळी मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर बरा.

ध्वनीसाठी डीएफप्लेयर मिनी नावाचे स्वस्त मॉड्यूल पुरेसे आहे. ते ३२ जीबीपर्यंतच्या मायक्रोएसडी कार्डावरील एमपीथ्री फाइली वाजवते आणि त्याच्यावरच छोटा ॲम्प्लिफायर असतो. स्पीकरच्या दोन्ही तारा स्पीकरसाठीच्या दोन पिनांनाच जोडाव्यात. त्यांतली एकही ग्राउंडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला, लावू नये. आयओ-२ ही पिन साध्या बटणातून ग्राउंडला क्षणभर जोडली की पुढची धून सुरू होते आणि बटण दाबून धरले की आवाज वाढतो. धुना अनेकदा नावाच्या नव्हे, तर कार्डावर चढवल्याच्या क्रमाने वाजतात. म्हणून फाइली एकेक करून, हव्या त्या क्रमाने चढवाव्यात.

उघडा स्पीकर कापरा आणि पोकळ वाजतो. २८ मिमी व्यासाचा स्पीकर चार बाय चार स्टडच्या, म्हणजे ३२ मिमीच्या, मोकळ्या चौकोनात बसतो. भोवती एका विटेची भिंत घालून मागची बाजू बंद केली की सहा बाय सहा स्टडचा डबा तयार होतो आणि आवाजाला अंग येते. हा डबा आत कोंबण्याऐवजी मागच्या भिंतीला लागून बाहेर ठेवावा, म्हणजे आतले दालन वाया जात नाही. मॉड्यूलला वीजही वेगळ्या यूएसबी तारेने द्यावी, नाहीतर जोरकस ठोक्याबरोबर दिवे मंदावतात.

शेवटी दिवे चालू ठेवूनच वरपासून एकेक मजला उचलून पाहावा. एखादी तार ताणली गेली तर तिथली ढील वाढवावी, आणि मगच इमारत कपाटात ठेवावी. सेलची डबी वापरली असेल तर इमारत बरेच दिवस बंद राहणार असताना सेल काढून ठेवावेत.