ॲस्पेनला जायचंय? झोपण्यावर वाचवा, शिकण्यावर नको

डिसेंबर उजाडला की भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा आम्हा डेन्व्हरकरांना ठरलेला प्रश्न असतो, "ते ॲस्पेन तुमच्या जवळच ना?" ॲस्पेन म्हणजे कोलोरॅडोच्या डोंगरातलं स्कीचं गाव. जवळ म्हणजे हिवाळ्यात सुमारे २०० मैल, चार तास, तेही आभाळ मोकळं असलं तर. ही सहल आखायचं काम आमच्या घरात माझ्याकडेच असतं, त्यामुळे माझी मतं आता पक्की आहेत. ॲस्पेन महाग आहे, पण सगळ्यात जास्त पैसा जातो तो पलंगावर. तो वाचवा. स्की शिकण्यावर मात्र हात आखडू नका.

आधी तारखा. लिफ्ट, म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणारे पाळणे, नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा विसरा. जानेवारीच्या अखेरीस इथल्या बटरमिल्क डोंगरावर एक्स गेम्स, म्हणजे बर्फावरच्या थरारक खेळांच्या स्पर्धा असतात, तेव्हा गर्दी विचारू नका. मला आवडतो तो जानेवारीचा दुसरा आठवडा.

मुक्काम गावात नको. खाली खोऱ्यात बसाल्ट, कार्बनडेल, ग्लेनवुड स्प्रिंग्ज अशी गावं आहेत. तिथून हायवे ८२ वरून राफ्टा या इथल्या सार्वजनिक बससेवेची बस थेट ॲस्पेनला जाते. गावातल्या आणि चारही डोंगरांना जोडणाऱ्या स्कीच्या बसला तर तिकीटच नाही. खोली घेताना स्वयंपाकघर असलेली घ्या, आणि वर गावात राहणारच असाल तर कुकर बरोबर न्या. ॲस्पेन २,४०० मीटरच्या वर आहे (आपलं कळसूबाई १,६४६). एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर हटून बसते. वाणसामान वाटेत ग्लेनवुडलाच भरून घ्या.

उंचीचा त्रास माणसांनाही होतो. डोकं दुखतं, झोप लागत नाही, जिना चढताना धाप लागते. म्हणून पहिल्या दिवशी स्की नाही, दारू नाही, फक्त पाणी आणि आराम. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावं. आईवडिलांचा प्रवासविमा असेल तर त्यात स्कीइंग वगळलंय का, ते बारीक अक्षरात वाचा.

आता डोंगर. ते चार आहेत: ॲस्पेन माउंटन, हायलँड्स, स्नोमास आणि बटरमिल्क. लिफ्टचं तिकीट चारींना एकच. फोटोत दिसतो तो गावाच्या डोक्यावरचा ॲस्पेन माउंटन, आणि सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पण त्यावर एकही ग्रीन, म्हणजे सोपी उतरण नाही. कुणी नवरा किंवा भाऊ "मी शिकवतो तुला" म्हणत तिकडे नेऊ लागला तर ठाम नकार द्या. नवख्यांनी बटरमिल्क गाठायचं आणि तिथल्या प्रशिक्षकाकडे पूर्ण दिवसाची शिकवणी आगाऊ बुक करायची. अर्ध्या दिवसात बूट घालणं आणि पडल्यावर उठणं एवढंच जमतं. शिकवणीत लिफ्ट आणि सामान येतं का, हे विचारल्याशिवाय वेगळं तिकीट काढू नका, कारण खिडकीवर ते २०० डॉलरच्या वर जातं. बूट भाड्याने घ्यायचे ते तिथेच, म्हणजे चावले तर लगेच बदलता येतात.

जीन्स घालू नका. ओली झाली की थिजते. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. मोजे लोकरीचे, एकच जोडी. दोन घातले की पाय बधिर. उन्हाचा चष्मा आणि सनस्क्रीन लागतंच, बर्फावरून ऊन उलटून तोंडावर येतं.

स्की न करणाऱ्यांनी हॉटेलात बसून राहू नये. ॲस्पेन माउंटनवर नेणाऱ्या सिल्व्हर क्वीन गोंडोलाचं, म्हणजे बंद पाळण्याचं, नुसतं वर जाऊन यायचं तिकीट मिळतं, पंधरा-वीस मिनिटांत ११,२०० फुटांवर. खाली आर्ट म्युझियमला प्रवेश फुकट. १८८९ मधलं हॉटेल जेरोम आणि व्हीलर ऑपेरा हाउस चांदीच्या खाणींच्या काळातलं. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि गाव ओस पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कीने ते पुन्हा उभं केलं. मरून बेल्स या जुळ्या शिखरांकडे मात्र हिवाळ्यात गाडी जात नाही.

रस्ता आय-७० चा. नकाशावर इंडिपेंडन्स पासची वाट जवळची दिसेल, पण ती हिवाळाभर बंद असते. भाड्याची गाडी घेताना टायर बर्फाचे आहेत का विचारा. आय-७० च्या मॉरिसन ते डॉट्सेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे कायद्यानेच योग्य टायर किंवा साखळ्या लागतात. विमानाने थेट ॲस्पेनला उतरता येतं, पण हवा बिघडली की उड्डाणं रद्द होतात, म्हणून परतीच्या दिवशी भारताचं विमान ठेवू नका.

शुक्रवारी दुपारच्या आत डेन्व्हर सोडा. रविवारी परतताना मात्र दुपारी निघालात तर आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी नुसते उभे राहाल. त्यापेक्षा ग्लेनवुडच्या गरम पाण्याच्या तलावात संध्याकाळपर्यंत बसा, जेवा, मग निघा. पोहायचे कपडे बॅगेत सगळ्यात वर ठेवा.