पहिला नंबर सोडून बोलू: सायकलिंगमधल्या करिअरविषयी

सायकलिंगमध्ये करिअर करायचंय म्हणून मुलं येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात इंदुराईन नाहीतर कोंतादोर, म्हणजे टूर द फ्रान्स जिंकणारे स्पॅनिश सायकलपटू असतात. मी त्यांना इमानोल एरवितीची कारकीर्द बघायला सांगतो. हा कोण, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

एरविती स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा, जन्म १९८३. २००५ ते २०२२ एकाच संघात राहिला. प्रायोजक बदलले तशी संघाची नावं बदलली, शेवटचं मोविस्टार. मोठ्या शर्यतींत त्याच्या नावावर वुएल्ताचे, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचे, जिंकलेले दोन टप्पे आहेत, २००८ आणि २०१० मधले. आपल्याकडे ‘कितवा आलास?’ हाच पहिला प्रश्न, त्यामुळे हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात. पण मग संघाने त्याला इतकी वर्षं ठेवला कशाला?

कारण कामाला पक्का. संघनायकाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. चाकामागे चिकटून येणाऱ्याची बरीच ताकद त्यात वाचते. पाणी संपलं की मागे संघाच्या गाडीपाशी जायचं, जर्सीच्या खिशांत आणि पाठीवर बाटल्या कोंबायच्या आणि त्या ओझ्यासकट गाड्यांच्या रांगेतून वाट काढत परत पुढे यायचं. नायकाचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं. घाट लागला की आपलं काम संपलं, मागे पडलं तरी चालतं, फक्त वेळेच्या मर्यादेत पोचायचं. टीव्हीवर यातलं फारसं दिसत नाही.

असा माणूस कमी ताकदीचा असतो हा मात्र गैरसमज. एप्रिल २०१६ मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शर्यतीत एरविती सुरुवातीलाच मुख्य गट सोडून पुढे पळालेल्यांत होता. असे पळालेले सहसा दमून मागे पडतात, तरी हा सातवा आला. पुढच्याच रविवारी फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत पुन्हा तसाच पुढे निघाला आणि नववा. दोन्ही शर्यती अडीचशे किलोमीटरच्या वर, दगडी रस्त्यांच्या.

आणि इंदुराईन? तोही याच संघाच्या जुन्या रूपात वाढला. १९८८ मध्ये संघनायक देल्गादोने टूर जिंकली, तेव्हा इंदुराईन त्याच्यासाठी राबत होता. १९८७ पासून टूरमधले इंदुराईनचे दरवर्षीचे क्रमांक बघा: ९७, ४७, १७, १०, आणि मग १९९१ मध्ये पहिला.

वाट साधारण अशी. स्पेनमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी कादेते हा वयोगट, मग ज्युनियर, मग तेवीस वर्षांखालील हौशी संघ. या शेवटच्या टप्प्यावर हातात फारसे पैसे पडत नाहीत, तेव्हा शिक्षण सोडू नका. ऑगस्टपासून काही जणांना व्यावसायिक संघात शिकाऊ म्हणून उमेदवारी मिळते. वर्ल्डटूर, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या संघात नवख्याचा पहिला करार निदान दोन वर्षांचा असतो. बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची रीत आहे, म्हणून जिंकणाऱ्याइतकंच बाटल्या आणणाऱ्यालाही निकालाचं पडलेलं असतं.

पुढची वुएल्ता बघाल तेव्हा एखादा सपाट टप्पा सुरुवातीपासून बघा. गटाच्या तोंडाशी तासन्‌तास कोण ओढतंय, त्यांची नावं लिहून काढा आणि प्रत्येकाची कारकीर्द किती वर्षांची झाली ते शोधा.