मृगाआधी आळी मोडा

बडोद्याच्या आसपास फार्महाऊसवर वाळवंटी बाग करायची टूम आहे. अ‍ॅडेनियम, पॅकीपोडियम, शेर, झाडाएवढे निवडुंग. ही झाडं इथल्या उन्हानं क्वचितच मरतात. मरतात ती आळ्यात साचलेल्या पावसानं.

भारी काळ्या जमिनीत दोन फुटी खड्डा खणून रेती भरली की निचरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात ती विहीर होते. काळी माती भिजून फुगते, भेगा मिटतात आणि आजूबाजूचं पाणी त्याच रेतीत उतरून बसतं. त्यावर माळी सवयीनं सुबक आळं करून देतो! आंब्याला ते चालेल, इथे नाही. खात्री हवी तर फूटभर खड्ड्यात संध्याकाळी बादलीभर पाणी ओता. सकाळी पाणी दिसलं तर त्या जागी खड्ड्यात लागवड नको.

मृग लागायच्या दोन आठवडे आधी झाड वर घ्या. दीड-दोन फूट उंच, पायाशी पाच-सहा फूट रुंद उंचवटा: दोन भाग धुतलेली जाड रेती, एक भाग विटांचा रोडा, एक भाग माती. शेणखत ओंजळभर, बस्स. बुडखा जुन्या मातीच्या खुणेपेक्षा खोल जाऊ देऊ नका. काढण्याआधी दक्षिणेकडच्या बाजूला चुन्याचा ठिपका द्या आणि लावताना तीच बाजू दक्षिणेला ठेवा. सावलीतली बाजू एकदम उन्हात आली की खोड भाजतं, आणि भाजल्या जागेतून कूज शिरते. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

बाकीची कामं:
- उंचवट्याभोवती वीतभर चर, उताराकडे काढलेला
- पावसाळ्यात ठिबक बंद
- लॉनचे फवारे लांब
- शेर छाटताना हातमोजे, चष्मा. चीक डोळ्यात जाऊ नये

पावसात दर आठ दिवसांनी बुडखा अंगठ्यानं दाबा. मऊ लागला, आंबूस वास आला, तर त्याच दिवशी उपटा. निरोगी पांढरा गर लागेपर्यंत कापत जा. एक तपकिरी ठिपका राहिला तरी कूज पुन्हा चढते. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटनं पुसा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचा दाट लेप द्या, सावलीत 10-15 दिवस सुकवा, मगच लावा. शेजारच्या झाडांना त्याचीच (50 टक्के भुकटी) लिटरला 3 ग्रॅम आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतणं, तीही उघडीप बघून.

दुकानदार ‘रूट बूस्टर’ची बाटली पुढे करेल. कुजलेल्या मुळाला त्याचा काही उपयोग नाही; त्या पैशात रेती घ्या. बुडख्याशी मुंग्यांची रांग दिसली तर थोडी माती उकरून बघा, बहुधा मुळांवर पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) निघतो.

क्विव्हर ट्री आणि बूजम ही परदेशी वाळवंटी झाडं महागात विकली जातात. पहिलं नामिबिया-दक्षिण आफ्रिकेचं, ज्याच्या फांद्या पोकरून तिथले आदिवासी सान लोक बाणांचे भाते करत. दुसरं मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचं. दोन्ही मुख्यतः थंडीत वाढतात, आपल्या पावसाळ्यात झोपलेली असतात. उंचवटाही त्यांना पुरत नाही. घेतलीच असतील तर कुंडीत ठेवा आणि जून ते सप्टेंबर छपराखाली.