नोकरी सांभाळून चित्रं काढायचीत? सुधीर पटवर्धनांकडून काय घ्यायचं

नोकरी करून पेंटिंग सिरीयसली होतं का, असं कोणी विचारलं की मी आधी चित्रकार सुधीर पटवर्धनांचं नाव घेते. जन्म १९४९, पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) डॉक्टरकी, आर्ट स्कूलचं शिक्षण नाहीच, मग मुंबई आणि १९७५ पासून ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस, तीही थेट २००५ पर्यंत. म्हणजे तीस वर्षं दिवसा एक्स-रे बघायचे, उरलेल्या वेळात कॅनव्हास, आणि त्याच तीस वर्षांत 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'लोअर परळ' (२००१) अशी चित्रं झाली. त्यामुळे "रिटायर झाल्यावर बघू" हे डोक्यातून काढूनच टाका.

पहिलं म्हणजे विषय शोधत लांब जाऊ नका. त्यांनी ठाणंच काढलं, लोकल, पूल, नाले, कामावरून परतणारी माणसं, 'पोखरण' (१९९१) मधला परिसरही ठाण्यातलाच. तुमचा रोजचा रस्ता कोणता, त्यातली एक जागा पकडा आणि वर्षभर तिथलंच काढा.

खिशात मावेल एवढी वही आणि एक काळं पेन घ्या, पेन्सिल नको, कारण खोडत बसण्यात समोरचा माणूस स्टेशनवर उतरून जातो. समजा लोकलमध्ये समोर कोणी हँडल धरून उभा आहे. आपण सगळे डोळे-नाकापासून सुरू करतो आणि तिथेच फसतो. आधी बघा वजन कुठल्या पायावर आहे. उजव्या पायावर असेल तर कमरेची उजवी बाजू वर गेलेली असते, डावा गुडघा सैल, हँडलवाल्या हाताचा खांदा कानाजवळ चढलेला आणि शर्ट काखेतून ताणून वर आलेला. एवढ्या चार-पाच रेघा आल्या की माणूस दमलाय हे चेहऱ्याशिवाय कळतं!! पटवर्धनांच्या माणसांना जे वजन आहे ना, ते मला इथेच सापडतं, रोज शरीर बघणाऱ्या डॉक्टरची नजर आहे ती. तुम्ही टेलर असाल, नर्स असाल, बस चालवत असाल, तुमच्या कामानेही तुम्हाला काहीतरी बघायला शिकवलंच असणार, ते वापरा. (कोणी अवघडल्यासारखं झालं तर वही लगेच मिटा, हे पाळाच.)

घरी आल्यावर स्केचखाली तारीख आणि जागा लिहा. महिन्याने वही उघडून तीन-चार माणसं निवडा आणि एका कागदावर एकत्र बसवून बघा, कोण पुढे, कोण मागे, मोकळी जागा कुठे. रोज तासभरच मिळत असेल तर अॅक्रिलिक घ्या, पटकन सुकतं, दुसऱ्या दिवशी त्यावर काम करता येतं. ऑइल घेतलंत तर खालचे थर पातळ ठेवा, नाहीतर पुढे तडे जातात.

एकट्याने मात्र करू नका. पटवर्धनांचं पहिलं सोलो प्रदर्शन १९७९ ला दिल्लीत झालं, पण १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या ग्रुप शोमध्ये भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी असे लोक सोबत होते, सगळे माणसांची चित्रं काढणारे. तुम्हीही दोघं-तिघं शोधा, महिन्यातून एकदा वह्या अदलाबदल करा. ओरिजिनल चित्रं बघायला काळा घोड्याला जा, जहांगीर आर्ट गॅलरी आणि एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) जवळजवळच आहेत, सोमवारी एनजीएमए बंद असतं. पटवर्धनांचं रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन, २०१९ मध्ये एनजीएमएतच भरलं होतं.

आणि शो फक्त मुंबईतच होतो असं धरून बसू नका. 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन त्यांनी महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं, जिथे लोकांना एरवी ओरिजिनल चित्रं बघायला मिळत नाहीत तिथे. आपल्या गावच्या वाचनालयाचा हॉल दोन दिवसांसाठी मागा, बारा-पंधरा चित्रं पुरतात, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल असं टांगा आणि ज्यांची स्केचेस काढलीत त्या चहावाल्याला, भाजीवाल्या मावशींना पहिल्या दिवशी आवर्जून बोलवा.