टेलिस्कोपिक काठीनं केबल टाकताना: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात सीसीटीव्ही किंवा नेटवर्किंगचं काम धरलंत की दोन जागा हमखास वाट्याला येतात. एक, दुकानं-ऑफिसांचं फॉल्स सीलिंग. दुसरी, डाळमिल आणि जिनिंगचे उंच पत्र्याचे शेड. दर पाच फुटांवर शिडी हलवत बसलात तर दिवस जातो आणि पडायची भीती असतेच. तिथे ही काठी लागते, एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची.

काठी फायबरग्लासचीच घ्या, 18 ते 24 फुटांची. ॲल्युमिनियमची नको, तिच्यातून करंट येतो आणि सीलिंगच्या वर टेप सुटलेला वायरचा जॉइंट कुठे लोंबतोय ते खालून कळत नाही. फायबरग्लाससुद्धा ओली किंवा धुळीनं माखलेली असली तर तिचा भरवसा धरू नका. एमआयडीसीच्या आवारात एका शेडमधून दुसऱ्यात जाताना काठी मिटवूनच न्या, वरून विजेची लाइन गेलेली असते.

पूर्ण लांबी हवी असेल तर टोकाचा बारीक तुकडा आधी काढून लॉक करा. काठी वर गेल्यावर तिथलं लॉक हाताला येत नाही. कमी लांबीत भागत असेल तर तोच बारीक तुकडा आत राहू द्या, कारण काठी आडवी धरली की आधी तिथेच लवते.

सगळ्यात महत्त्वाचं: काठीला केबल बांधायची नाही, नायलॉनची दोरी बांधायची. केबलच्या वजनानं टोक झुकतं, लॉक घसरतं, आणि केबल सीलिंग टांगलेल्या हँगरच्या तारेत अडकली की माणूस हिसका देतो. कॅट-6 ला, म्हणजे नेटवर्कच्या केबलला, साधारण 11 किलोच्या वर ओढ देऊ नये. जास्त ओढली की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. वरून काही दिसत नाही, साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, आणि गिऱ्हाइकाची तक्रार मात्र येत राहते: स्पीड मिळत नाही.

सीलिंगमध्ये 2 बाय 2 फुटांची एक टाइल उचला, 15 फुटांवरची दुसरी उचला. हातमोजे घाला, घामट बोटांचा डाग पांढऱ्या टाइलवरून जात नाही. काठी ढकलताना गोल टोक लावा आणि ते ग्रिडपासून (टाइल बसतात त्या पट्ट्यांपासून) जरा वर ठेवा. हुक लावून ढकललं तर ते दर तारेत अडकतं. हुक दोरी ओढून घ्यायला. दुसऱ्या टोकाला माणूस हवाच.

दोरी पोचली की केबल जोडा. तीन-चार केबल असतील तर टोकं मागेपुढे ठेवा आणि चार-पाच इंच टेप गुंडाळून जोड निमुळता करा. जाड गोळा झाला तर तो पहिल्याच कोपऱ्यात फसतो. कोपरा एका दमात ओढू नका. तिथली टाइल उघडून पुढे लागेल तेवढी केबल आधी बाहेर घ्या, मग पुढची ओढ. एकजण बॉक्सपाशी बसून केबल सोडत राहतो. त्यानं लक्ष दिलं नाही की पीळ पडून गाठ बसते. केबल ग्रिडवर पडू देऊ नका, दर चार-पाच फुटांवर तिला स्लॅबचा आधार द्या. लाइटच्या वायरपासून फूटभर लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

शेडमध्ये मॅग्नेटचं टोक काढून ठेवा, ते प्रत्येक लोखंडी पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) चिकटतं. दोरीला जड नट बांधा, हुकनं ट्रसवरून (छताच्या लोखंडी सांगाड्यावरून) पलीकडे सोडा. नट स्वतःच्या वजनानं खाली येतो. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू आणि डाळमिलमध्ये भुसा काठीच्या सांध्यात शिरतो, मग लॉक बसल्यासारखं वाटतं पण बसलेलं नसतं. मिटवताना प्रत्येक तुकडा कोरड्या फडक्यानं पुसा. डाळमिलला उंदीर असतातच, तेव्हा खाली उतरणारी केबल जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातूनच आणा.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचं काम सकाळी लवकर उरका. दुपारच्या तापात टेपचा गोंद मऊ पडून जोड सुटतो, आणि त्या उकाड्यात शिडीवर चक्कर येणं ही तर रोजची भीती.

केबल ओढतानाच सोबत एक मोकळी दोरी टाकून ठेवा. पुढच्या वर्षी आणखी दोन कॅमेरे वाढले की काठी काढावीच लागत नाही. दोन्ही टोकांना ओढण्याआधीच नंबर लावा आणि रॅकपाशी दोन-तीन मीटर केबल जास्तीची सोडा.